डोंगर नसलेले किल्ले

सपाट जमिनीवर बांधलेल्या किल्ल्याला भुईकोट म्हणतात. पंढरपूर तालुक्यातले करकंब मध्यभागी धरून नकाशावर बोट फिरवले, तर या गावाच्या चहूबाजूंना अशा कोटांचे कडेच पडलेले दिसते. पश्चिमेला नीरेकाठचे अकलूज, दक्षिणेला मंगळवेढा, आग्नेयेला भीमेच्या काठावरचे माचणूर, उत्तरेला करमाळा, ईशान्येला सीनेपलीकडचा परांडा, पूर्वेकडे सोलापूर आणि त्याच्याही पुढे बोरी नदीवरचा नळदुर्ग. यांतले काही कोट आज ओळखूही येत नाहीत. मंगळवेढ्याचा कोट गावात जवळपास विरून गेला आहे. माचणूरला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षे होती. तिथला कोट ढासळत चालला आहे. परांडा, सोलापूर आणि नळदुर्ग हे तीन मात्र पडझड सोसूनही असे उभे आहेत की त्यांच्यावरून दख्खनच्या पठारावरील दुर्गरचना जवळजवळ संपूर्ण वाचता येते.

ही दाटी या भागातच का, याचे उत्तर जमिनीत आहे आणि राजकारणातही. भीमा, सीना आणि बोरीच्या खोऱ्यांत लांबच लांब माळ पसरलेला. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. सह्याद्रीत कडा तासून, वाट तोडून जे काम निसर्गाकडून करून घेता येते, ते इथे सगळे माणसाला करावे लागते. राजकारण असे की पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्य फुटले आणि अहमदनगरची निजामशाही व विजापूरची आदिलशाही यांची सीमा नेमकी याच माळावरून जाऊ लागली. सीमेवर डोंगर नाही, ओलांडता येणार नाही अशी नदीही नाही. उन्हाळ्यात भीमासुद्धा पायी उतरता येते. मग सीमा म्हणजे किल्लाच. ज्याच्याकडे परांडा आणि सोलापूर, त्याच्याकडे मधला मुलूख.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याची जागा निवडताना आधी पाणी पाहावे असे बजावले आहे. तिथे चिंता डोंगरमाथ्यावर पाणी सापडेल का, ही. भुईकोटात पाण्याची भूमिका उलटी होते. ते पिण्यासाठी लागतेच, पण शत्रूला थोपवण्याचे पहिले कामही त्यालाच करावे लागते. खंदक हा भुईकोटाचा डोंगर होय; फक्त तो वर चढवलेला नसून खाली खोदलेला असतो. अशा कोटात खंदक आणि तट ही दोन वेगळी बांधकामे मानू नयेत. एकाच खोदाईची ती दोन टोके. खंदकातून निघालेला दगड घडवून तटाच्या दर्शनी बाजूला लावायचा, निघालेला मुरूम आणि डबर तटाच्या पोटात भरायचे. खड्डा जितका खोल, तितकी भिंत उंच.

परांड्याचा कोट या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. त्याच्या बांधकामाचे श्रेय परंपरेने बहमनी वजीर महमूद गवानला दिले जाते. गवानाचा वध १४८१ साली झाला, म्हणजे मूळ काम पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातले ठरते. पुढे निजामशाही आणि आदिलशाही काळात तोफांच्या गरजेप्रमाणे त्यात भर पडत गेली. आकार साधारण चौकोनी. भोवती रुंद, खोल खंदक. खंदकाच्या आत दोन तट, बाहेरचा ठेंगणा आणि आतला त्याच्यापेक्षा बराच उंच. दोन्हींमध्ये फिरण्याइतकी मोकळी पट्टी ठेवलेली आहे.

ही दुहेरी रचना दिसते त्यापेक्षा हुशारीची आहे. बाहेरच्या ठेंगण्या तटावरून खंदकावर जवळून मारा करता येतो आणि त्याच वेळी आतल्या उंच तटावरचे तोफखानेदार त्यांच्या डोक्यावरून दूरवर मारा करू शकतात. एकाच दिशेला अशी दोन मजल्यांची आग. शत्रूने बाहेरचा तट फोडून आत उडी घेतलीच, तर तो दोन भिंतींच्या मधल्या अरुंद गल्लीत सापडतो; तिथे त्याला शिडी लावायला जागा नाही आणि मागे खंदक. शिवाय बाहेरचा तट आतल्या तटाचा पायथा झाकतो, म्हणून दुरून तोफ डागणाऱ्याला भिंतीचा बुडखा दिसतच नाही. भिंत पाडायची तर ती बुडातच फोडावी लागते.

प्रवेशाची तऱ्हा तशीच. खंदकावरून पूर्वी उचलता येणारा पूल असे. त्यानंतर दरवाजा, मग चिंचोळा रस्ता, काटकोनात वळण, पुन्हा दरवाजा, पुन्हा वळण. सरळ धावत येऊन हत्तीने धडक द्यावी, एवढी लांबी कुठेच मिळत नाही. प्रत्येक वळणावर वरून मारा करण्याची सोय. दरवाजाच्या आतल्या अंगाला पहारेकऱ्यांच्या देवड्या, भिंतीत अडसर सरकवायची खोल खोबण. या खोबणीत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. अडसराचे लाकूड केवढे असेल, याचा अंदाज तिथेच येतो. दारे गेली, लाकूड गेले, खोबणी मात्र आहेत तशाच.

तटावर चढले की फांजी लागते, म्हणजे शिपायांनी फिरायची वाट. तिच्या कडेला चर्यांची रांग आणि चर्यांत बंदुकीसाठी ठेवलेल्या जंग्या. बंदुकीचे तोंड किती खाली वळवायचे याचा हिशेब करून प्रत्येक जंगीचा तळ उतरता ठेवलेला असतो. काही जंग्या समोरच्या माळाकडे पाहतात, काही थेट खंदकाच्या पाण्याकडे. डोळा लावून पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही. जुने बुरूज लहान व चौकोनी असत. तोफा आल्यावर ते गोल, जाड आणि पुढे काढलेले झाले, कारण गोल अंगावर गोळा घसरतो आणि वर तोफ फिरवायला जागा मिळते. परांड्याच्या बुरुजांवर अजूनही तोफा आहेत आणि आतल्या एका कोठारात गोळ्यांचे ढीग.

आत जामा मशीद, हमाम, विहिरी आणि देऊळ आहे. मशिदीचे खांब पाहिले की ते घडवणाऱ्या हातांनी आधी मंदिरे घडवली असावीत, किंवा ते खांबच आधी दुसरीकडे उभे असावेत, हे सहज लक्षात येते. सोलापूरच्या तटातही जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत, काही आडवे, काही उलटे. पठारावरच्या बहुतेक मध्ययुगीन बांधकामांची ही रीत आहे. तिचे एकच एक कारण सांगणाऱ्याचे ऐकताना जपून राहावे. विजयाची खूण, घडीव दगडाची टंचाई आणि कामाची घाई, तिन्ही गोष्टी एकाच भिंतीत असू शकतात.

परांड्याच्या आयुष्यातला सर्वांत गजबजलेला काळ १६०० ते १६६० हा. १६०० साली मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून परांड्याला राजधानी केली. आजचे हे तालुक्याचे गाव काही काळ एका राज्याची राजधानी होते. १६३० मध्ये शहाजहानचा सरदार आझमखान वेढा घालून बसला आणि हात हलवत परतला. १६३४ मध्ये शहजादा शुजा आणि महाबतखान आले. त्यांनाही पावसाळ्याच्या तोंडावर वेढा उठवावा लागला. मुघल फौजेची जमेची बाजू घोडदळ. ते घोडदळ या माळावर चाऱ्याला आणि पाण्याला महाग झाले. खंदक फक्त किल्ल्याभोवती नव्हता. मैलोगणती पसरलेली ही कोरडी जमीन हाच किल्ल्याचा बाहेरचा खंदक होता. १६३६ च्या तहात परांडा आणि सोलापूर आदिलशाहीच्या वाट्याला आले. अखेर १६६० मध्ये परांडा मुघलांना मिळाला, तोही लढून नव्हे. तिथल्या किल्लेदाराने तो स्वाधीन केला.

मधल्या काळात इथून एक तोफ गेली. १५४९ साली अहमदनगरात मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतलेली मलिक-ए-मैदान, वजन सुमारे ५५ टन, तोंडाशी हत्तीला चिरडणाऱ्या सिंहाचा जबडा. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ती वापरल्याचे सांगतात. नंतर ती परांड्याच्या कोटात होती. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंताने ती विजापूरला नेली. आजच्या मोटारीच्या रस्त्यानेही हे अंतर दीडशे किलोमीटरच्या पुढे जाते आणि वाटेत भीमा आडवी येते. ओतीव धातूचा तो डोंगर काळ्या मातीवरून आणि नदीच्या वाळूतून ओढत नेणाऱ्या बैलांची आणि हत्तींची संख्या सांगताना लोकपरंपरा सढळ हात सोडते. आकडा कोणताही असो, ही तोफ उन्हाळ्यातच हलली असणार. पावसाळ्यात या मातीत बैलगाडीचेही चाक रुतते.

सोलापूरचा कोट परांड्याच्याच घराण्यातला, पण त्याच्या पाठीशी सिद्धेश्वराचे तळे आहे. पूर्वेकडून तळे, उरलेल्या बाजूंनी खंदक, आत दोन तट. चारी कोपऱ्यांचे बुरूज धिप्पाड. दोन राजघराण्यांत हा किल्ला हुंड्यासारखा फिरला. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर देण्याचे वचन होते. ते पाळले गेले नाही म्हणून लढाया झाल्या. पुढे अहमदनगरची चांदबिबी पहिल्या अली आदिलशहाला दिली गेली, तेव्हा सोलापूर उलट दिशेने गेले. लग्नाच्या बोलणीत एका भुईकोटाचे नाव दोनदा यावे, यावरून त्याची किंमत कळते. १६६८ मध्ये सोलापूर मुघलांकडे गेले. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने पेशव्यांच्या शिबंदीकडून ते घेतले. परांड्यापुढे शहाजहानच्या फौजा महिनोन्‌महिने अडून राहिल्या होत्या. सोलापूरला कंपनीच्या तोफांना थोडेच दिवस पुरले. दगडी तटाचे युग संपले होते.

तटांमधली पडीक जागा साफ करताना सोलापूरच्या कोटात एका जुन्या मंदिराचे अवशेष निघाले. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी ते उजेडात आणले. किल्ल्याला लागून असलेल्या बागेला हुतात्मा बाग म्हणतात. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघा सोलापूरकरांची ती स्मृती. मध्ययुगीन तट आणि विसाव्या शतकातले स्मारक एकमेकांना खेटून आहेत, आणि संध्याकाळी येणाऱ्या शहरवासीयाला त्यांत काही वेगळे वाटत नाही.

नळदुर्गात पाण्याचा खेळ आणखी पुढे गेला. तिथे नुसता खंदक भरून थांबले नाहीत, नदीलाच तटाशी आणून बांधले. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन याने बंधारा घातला आणि त्याच्या पोटात महाल बसवला. तोच पाणीमहाल. बंधारा सुमारे १७४ मीटर लांब आणि १९ मीटर उंच. नदीला पाणी असले की ते दोन सांडव्यांवरून कोसळते. त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. महालाच्या सज्जात उभे राहिले की समोरून पाण्याचा पडदा पडत असतो आणि आत पाय कोरडे राहतात. हे चोख बसवलेल्या दगडाचे, अचूक उतारांचे आणि पाण्याची वाट आधीच ओळखल्याचे काम आहे. चैनीचा महाल म्हणून त्याचे कौतुक होते. प्रत्यक्षात त्याचे पहिले काम किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकोट यांच्यामध्ये पाणी उभे ठेवण्याचे होते. नळदुर्गाचा नवबुरूज नऊ पाकळ्यांसारखा बाहेर येतो. आतला उपळी बुरूज तर सरळसरळ दमदमा, म्हणजे तोफ उंचावर नेण्यासाठी उभारलेला मनोरा. त्याच्या माथ्यावर हत्ती तोफ आणि मगर तोफ अशा दोन लांबलचक तोफा आहेत. डोंगर नाही म्हणून बांधलेला हा हातचा डोंगर. १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्ग इंग्रजांच्या जिल्ह्याचे ठाणे होते आणि कॅप्टन मेडोज टेलर तिथला अधिकारी. त्याने आपल्या आत्मचरित्रात या मुक्कामाविषयी लिहिले आहे.

एवढे मजबूत बांधकाम पडते कसे? वेढ्यांनी ते फारसे पडले नाही. त्याला पाडते ते वरून येणारे पाणी. तटाच्या दोन्ही बाजूंना घडीव दगडाचे कवच आणि मध्ये चुन्यात मुरवलेले डबर, अशी ही भिंत असते. फांजीवरचा चुन्याचा थर उखडला की पावसाचे पाणी सरळ पोटात उतरते. डबरातला चुना हळूहळू धुऊन जातो, भर खाली बसते आणि बाहेरच्या कवचाला ढकलू लागते. गवंडी याला भिंतीचे पोट सुटले म्हणतात. आधी एखादा दगड दोन बोटे पुढे येतो. मग त्याच्यावरची ओळ वाकते. पुढच्या एखाद्या जोरदार पावसात पंचवीस-तीस फुटांचा तुकडा एका आवाजात खाली येतो, आणि बातमीत ‘पावसामुळे बुरूज ढासळला’ असे छापून येते. तो ढासळायला वीस वर्षांपूर्वीच सुरुवात झालेली असते. पिंपळाचे रोप हे त्याचे ठळक लक्षण: जिथे सांधा उघडला, तिथेच ते रुजते. नुसते कापले तर दुप्पट जोमाने फुटते; मूळ मारावे लागते, तेही दगड न हलवता.

सिमेंटने झालेल्या दुरुस्त्यांनी यात भरच पडली. सिमेंट कडक आणि बंद असते, जुना चुना मऊ आणि श्वास घेणारा. सांध्यावर सिमेंट लिंपले की आतला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते आणि तो दगडातून मार्ग शोधतो. म्हणून संवर्धनात चुनाच वापरावा लागतो. तो भिजवून मुरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा, जागेप्रमाणे त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालायचे. हे काम वेळखाऊ आहे आणि ते येणारे गवंडी थोडे. मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईत चुना मुरायला थांबत नाही, ही या व्यवहारातली नेहमीची अडचण.

माणसाने केलेली हानी वेगळीच. तटाचा घडीव दगड शेजारच्या घरांच्या जोत्यांत गेला. गुप्तधनाच्या आशेने जमिनी उकरल्या गेल्या. खंदकात वेडी बाभूळ माजली आणि कडेने कचरा पडत गेला. डोंगरी किल्ल्याला चढण राखते. तिथे दगड चोरायचा तर तो खाली आणण्याचे कष्ट असतात. भुईकोट गावाच्या दारातच असतो. त्याला राखणारा खंदक एकदा बुजला की तो एक मोठा, फुकटचा दगडांचा ढीग उरतो. अकलूजला उलट टोकाचा प्रयोग झाला. तिथल्या कोटात शिवसृष्टी उभी राहिली आणि लोक येऊ लागले. अशा ठिकाणी जुने काय आणि नवे काय हे पाहणाऱ्याला वेगळे दिसत राहायला हवे, हा संवर्धनशास्त्राचा आग्रह आहे. तो सजावटीच्या उत्साहापुढे नेहमीच टिकतो असे नाही.

कायद्याची बाजू दोन पदरी आहे. १९०४ च्या प्राचीन स्मारक जतन कायद्याने ब्रिटिश मुलखातली स्मारके सरकारी संरक्षणाखाली येऊ लागली. परांडा आणि नळदुर्ग निजामाच्या राज्यात होते. तिथे १९१४ मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व खाते निघाले आणि त्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी परांड्यावर सविस्तर टिपण लिहिले. सोलापूर इंग्रजांकडे, परांडा निजामाकडे. शेजारचे दोन जुळे कोट दोन वेगळ्या दप्तरांत गेले. ही फाळणी पुढेही टिकली. सोलापूरचा किल्ला केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, नळदुर्ग राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. केंद्रीय स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे, राज्याच्या स्मारकांना महाराष्ट्राचा १९६० चा.

केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम बंद, त्यापुढच्या आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीनेच. स्मारकाचे नुकसान करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एखाद्या एकाकी किल्ल्याभोवती १०० मीटरची रेघ ओढणे सोपे. सोलापुरात ती भर शहरातून जाते. आत ज्यांची घरे आहेत त्यांना डागडुजीलाही परवानगीचे कागद जमवावे लागतात, आणि स्मारकाविषयीची आत्मीयता त्या कागदांबरोबर आटत जाते. नियम काढावा असा याचा अर्थ नाही. शेजाऱ्यांशी बोलणारा माणूस कार्यालयात असावा, एवढाच आहे.

राज्याने २००७ मध्ये महाराष्ट्र वैभव संगोपन योजना आणली. संरक्षित स्मारकाची मालकी सरकारकडेच ठेवून देखभाल आणि सोयी संस्थांकडे किंवा कंपन्यांकडे देण्याची ही योजना. नळदुर्ग २०१४ मध्ये तिच्याखाली एका खाजगी कंपनीकडे गेला. झाडोरा निघाला, वाटा झाल्या, दिवे लागले, पाणीमहाल पाहायला गर्दी होऊ लागली. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने किल्ल्यांवरील अतिक्रमणे काढण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. त्या वेळच्या हिशेबात केंद्राचे ४७ आणि राज्याचे ६२ संरक्षित किल्ले होते. गावोगावचा जो जुना कोट कोणत्याच यादीत नाही, तो या हिशेबात येत नाही.

११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले: रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. डोंगर आणि समुद्र दोन्ही त्यात आहेत. पठारावरचा भुईकोट एकही नाही. दख्खनी सुलतानांच्या स्मारकांचा वेगळा प्रस्ताव २०१४ पासून भारताच्या संभाव्य यादीत आहे. त्यात गुलबर्गा, बिदर, विजापूर आणि हैदराबाद ही राजधानीची शहरे आहेत. परांडा, नळदुर्ग आणि सोलापूर पहिल्या यादीत बसत नाहीत, कारण ती यादी मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाची आहे. दुसऱ्या यादीत नाहीत, कारण ते राजधान्यांचे पहारेकरी होते, राजधान्या नव्हत्या. परांड्याचा राजधानीचा काळ तेवढा अपवाद, पण तो फार थोडा होता.

तूर्त या तीन कोटांपुढचे काम पावसाळ्याच्या मापाने मोजावे लागते. फांजीवरचा चुना जूनपूर्वी पक्का करणे, पन्हाळी मोकळ्या करणे, पोट सुटलेल्या भागांवर खुणेच्या पट्ट्या लावून वर्षभर नोंद ठेवणे, खंदकातली बाभूळ मुळासकट काढणे. परांड्याच्या खंदकात पाणी साठू दिले तर भोवतालच्या विहिरींनाही त्याचा उपयोग होईल, आणि तटाच्या पायाशी कचरा टाकायला येणाऱ्याला पुन्हा एकदा काठावरच थांबावे लागेल.